पुरावा चावडीवर मांडू नका

गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रं एकाच विषयावर होती: घरात झालेला संशयास्पद मृत्यू, घरातलाच माणूस अटकेत, खटला अजून सुरू व्हायचा, आणि गावभर, फोनभर चाललेली चर्चा. त्यातली आठ पत्रं निवडली आहेत. प्रकरणं न्यायप्रविष्ट असल्यामुळे पत्रलेखकांची नावं आणि गावं दिलेली नाहीत. कलमांचे आकडे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांचे आहेत: गुन्ह्यांसाठी भारतीय न्याय संहिता, तपास आणि खटल्याच्या पद्धतीसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियम. घटना त्याआधीची असेल, तर गुन्ह्याची कलमं जुन्या भारतीय दंड संहितेतलीच लागतात.

प्रश्न : माझ्या भाचीचा लग्नानंतर चौथ्या वर्षी सासरी मृत्यू झाला. जावई आणि त्याची आई अटकेत आहेत. भाचीने पाठवलेले व्हॉट्सअॅप मेसेज, व्हॉइस नोट आणि अंगावरच्या वळांचे फोटो आमच्याकडे आहेत. भावकीतली मुलं म्हणतात, व्हायरल केल्याशिवाय पोलीस हलत नाहीत. टाकावं का?

नका टाकू. तुमची भाची गेल्यावर तिच्या बाजूने बोलणारं जे थोडं उरलं आहे, ते हेच आहे. त्याची धार बोथट होऊ देऊ नका.

हुंडाबळीच्या कलमात (भारतीय न्याय संहिता, कलम ८०) चार गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: मृत्यू लग्नापासून सात वर्षांच्या आत झाला, तो अनैसर्गिक होता, नवऱ्याने किंवा त्याच्या नातेवाइकांनी छळ केला, आणि तो छळ हुंड्याच्या मागणीसाठी ‘मृत्यूच्या थोडं आधी’ झाला. हे सिद्ध झालं की साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११८ प्रमाणे न्यायालय हा मृत्यू आरोपीनेच घडवला असं गृहीत धरतं. बहुतेक खटले अडकतात ते चौथ्या गोष्टीपाशी. म्हणजे तुमच्या मेसेजमधल्या मजकुराइतकीच त्याची तारीख आणि वेळ महत्त्वाची.

आणि व्हायरल करताना नेमकी तीच हरवते. व्हॉइस नोट पुढे पाठवली की पुढच्या माणसाला फॉरवर्ड केल्याची वेळ दिसते, मूळ वेळ नाही. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोत तो कधी काढला याची आतली नोंद सहसा उरत नाही; ती मूळ फोटोत, म्हणजे भाचीच्या फोनमध्ये असते. स्क्रीनशॉटला कात्री लावता येते, आणि तो कापलेला आहे हे आरोपीचा वकील उलटतपासणीत पहिल्या पाच मिनिटांत विचारतो.

असं करा. त्या चॅटमध्ये ‘आपोआप गायब होणारे मेसेज’ सुरू असतील तर आजच बंद करा. अॅप काढून पुन्हा टाकू नका, फोन बदलू नका, दुरुस्तीला देऊ नका. तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या: कोणाच्या नंबरवर, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचे मेसेज आहेत, आणि भाचीचा मूळ फोन जप्त करावा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्या. फोन देताना जप्ती पंचनाम्यात मॉडेल, आयएमईआय क्रमांक आणि डेटाची हॅश व्हॅल्यू लिहिली गेली का ते वाचूनच सही करा. हॅश व्हॅल्यू म्हणजे त्या फाइलच्या बोटांचा ठसाच. नंतर एक अक्षर बदललं तरी तो जुळत नाही. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्याचा ‘भाग अ’ फोन ज्याच्या ताब्यात होता त्याने भरायचा, ‘भाग ब’ तज्ज्ञाने. हे राहून गेल्यामुळे चांगला पुरावा बाहेर राहिल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

पोलीस हलत नसतील तर अर्जाची प्रत पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा. तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताच्या कुटुंबाला कळवणं आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ नुसार पोलिसांवर बंधनकारक आहे. त्याचा हवाला द्या. मुलांना सार्वजनिकपणे काही मागायचंच असेल तर गुन्हा क्रमांक, लावलेली कलमं आणि ‘फोन अजून जप्त केलेला नाही’ ही तक्रार जरूर मांडू द्या. मेसेजचा मजकूर मात्र नाही.

प्रश्न : पोलिसांनी पत्रकार परिषदेत सांगितलं की नवऱ्याने बायकोच्या खुनाची कबुली दिली. मग खटला कशासाठी?

पोलिसांसमोरची कबुली न्यायालयात पुरावा नाही, म्हणून. साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ प्रमाणे ती आरोपीविरुद्ध सिद्धच करता येत नाही. पोलीस कोठडीत असताना दिलेली कबुली चालते ती फक्त दंडाधिकाऱ्यासमोर दिली असेल तर. तिथेही दंडाधिकाऱ्याने आधी समजावून सांगावं लागतं की तुझ्यावर कबुली देण्याची सक्ती नाही, आणि दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाईल. विचार करायला सहसा एक दिवस तरी देतात. आरोपी ‘मला बोलायचं नाही’ म्हणाला, तर त्याला परत पोलिसांच्या ताब्यात देता येत नाही.

एक अपवाद आहे आणि तो नीट समजून घ्यावा असा आहे. समजा आरोपी म्हणाला, ‘मी उशीने तिचं तोंड दाबलं आणि तिचा मोबाइल विहिरीत टाकला, चला दाखवतो.’ पंचांसमोर निवेदन पंचनामा झाला, विहिरीतून मोबाइल निघाला. न्यायालयात यातलं एवढंच येतं: मोबाइल त्या विहिरीत असल्याचं त्याला माहीत होतं, आणि तो तिथे सापडला. उशीचं वाक्य वगळलं जातं. आता कल्पना करा की पंचनाम्याच्या आदल्या दिवशीच ‘मोबाइल विहिरीत’ अशी बातमी फिरली. बचाव पक्ष म्हणणार, विहीर तर सगळ्या तालुक्याला ठाऊक होती, यात आरोपीने नवीन काय दाखवलं? हातातला एकुलता एक दुवा असा निसटतो.

नार्को चाचणीबद्दलही पुष्कळ जण विचारतात. ५ मे २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग करायला मनाई केली. संमतीने केली तरी चाचणीत बोललेलं थेट पुरावा ठरत नाही. त्यातून पुढे एखादी वस्तू सापडली तरच तिचा उपयोग.

पहिल्या दिवसांतल्या खात्रीचं काय होतं हे पाहायचं असेल तर नोएडातलं मे २००८ चं दुहेरी खुनाचं प्रकरण आठवा. शाळकरी मुलगी घरात मृत सापडली आणि बेपत्ता घरकामगारानेच मारलं हे सगळ्यांनी धरून टाकलं. दुसऱ्या दिवशी त्याच इमारतीच्या गच्चीवर त्या कामगाराचा मृतदेह सापडला. तेवढ्या वेळात गच्चीचं दार कोणी उघडून पाहिलं नव्हतं. पुढे आईवडिलांवर संशय आला, मुलीच्या चारित्र्यावर जाहीर बोललं गेलं, २०१३ मध्ये आईवडिलांना जन्मठेप झाली आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. त्या कामगाराच्या घरच्यांनी तो पहिला दिवस कसा काढला असेल, याचा विचार करावा.

प्रश्न : मी एका गृहनिर्माण संस्थेचा सचिव आहे. आमच्या इमारतीत एका महिलेचा मृत्यू झाला, पतीवर गुन्हा दाखल आहे. लिफ्टजवळच्या कॅमेऱ्यात त्या रात्रीचं चित्रण आहे. कोणीतरी मोबाइलवर स्क्रीनचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला. आता काय करावं?

सर्वांत आधी मूळ चित्रण वाचवा. डीव्हीआरची, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राची, हार्ड डिस्क भरली की नवं चित्रण जुन्यावर चढतं. किती दिवसांत, ते कॅमेऱ्यांच्या संख्येवर आणि डिस्कवर अवलंबून. कुठे आठवडा, कुठे महिना. देखभाल करणाऱ्याला बोलावून आजच ओव्हरराइट बंद करून घ्या आणि पोलिसांना लेखी कळवा की चित्रण आहे, लगेच ताब्यात घ्यावं.

पोलीस आले की डीव्हीआरच्या घड्याळाची वेळ आणि खरी वेळ यातला फरक पंचनाम्यात लिहून घ्यायला सांगा. ही घड्याळं सर्रास चार, दहा, क्वचित चाळीस मिनिटं मागेपुढे असतात. पती ११:२० ला लिफ्टमध्ये दिसतो आणि शेजारीण म्हणते ११ वाजता आरडाओरडा ऐकला, तर घड्याळ वीस मिनिटं पुढे होतं की नाही यावर सगळं प्रकरण फिरू शकतं. शक्यतो अख्खा डीव्हीआर जप्त होऊ द्या. कलम ६३ च्या प्रमाणपत्राचा ‘भाग अ’ संस्थेच्या वतीने बहुधा तुम्हालाच भरावा लागेल.

ग्रुपवरचा व्हिडिओ काढायला लावा, पण कोणी, किती वाजता टाकला याची नोंद ठेवा. पोलिसांनी विचारल्यास ती लागेल. त्यात तुमचा रखवालदार किंवा कामवाल्या ताई दिसत असतील, तर संभाव्य साक्षीदारांची ओळख आधीच फुटली असं समजा. त्यांच्यावर दबाव येत असेल तर २०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली जिल्हा पातळीवरच्या सक्षम प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. जिल्हा व सत्र न्यायाधीश त्याचे अध्यक्ष असतात.

प्रश्न : शवविच्छेदन अहवालात मृत्यूचं कारण ‘राखून ठेवलं’ असं लिहिलं आहे. प्रकरण दडपलं जात आहे का?

तेवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. विषबाधेची शंका असेल तर जठर आणि त्यातला ऐवज, लहान आतड्याचा भाग, यकृत, प्लीहा, मूत्रपिंड आणि रक्त असा व्हिसेरा राखून न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत पाठवतात. अवयव सहसा मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात. तिथला अहवाल येईपर्यंत डॉक्टर अंतिम मत देत नाहीत, आणि प्रयोगशाळांत रांग मोठी असते. तुम्ही विचारायचं ते वेगळंच आहे: व्हिसेरा प्रयोगशाळेत कोणत्या तारखेला पोचला, मधले दिवस तो कुठे होता, सील शाबूत असल्याची पावती आहे का? गडबड होते ती इथे.

गळ्यावरच्या वळाचा फोटो पाहून ‘हा फासच नाही’ असा निर्णय देणारे ग्रुपवर पुष्कळ भेटतात. गळफासाचा वळ सहसा वर आणि तिरका जातो, आवळून मारल्याचा आडवा आणि गळ्याभोवती पूर्ण असतो, हे खरं. पण अपवाद इतके आहेत की डॉक्टर आतल्या ऊतींमधला रक्तस्राव आणि हाडं-कूर्चा पाहिल्याशिवाय बोलत नाहीत. हे आतलं पाहणंच शेवटी उपयोगी पडतं. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सासरच्यांनी साप चावल्याचं सांगितलं होतं. शवविच्छेदनात गळा दाबल्याचं निघालं. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर सांगितलं की बंद घरात, नवरा सोबत असताना असा मृत्यू झाला तर तो कसा झाला याचं पटेल असं स्पष्टीकरण घरातल्यांनी द्यायला हवं. आज हे तत्त्व साक्ष्य अधिनियमाच्या कलम १०९ मध्ये आहे.

प्रश्न : मी तालुक्यात बातम्यांचं छोटं यूट्यूब चॅनल चालवतो. अशा प्रकरणात किती बोललेलं चालतं?

मुंबई उच्च न्यायालयाचा १८ जानेवारी २०२१ चा निकाल तुमच्यासाठी पुरेसा स्पष्ट आहे. तपास चालू असताना टाळायच्या गोष्टी त्यात मोजून सांगितल्या आहेत: मृत व्यक्ती दुबळ्या मनाची होती असं दाखवणं, साक्षीदारांच्या आणि कुटुंबीयांच्या मुलाखती घेऊन त्या चालवणं, त्यांच्या जबाबांची चिरफाड, पोलिसांसमोरची कबुली ती पुरावा नाही हे न सांगता छापणं, ओळख परेड बिघडेल असे आरोपीचे फोटो, घटनेचं नाट्यरूपांतर, आणि दोषी-निर्दोष ठरवून टाकणं. ओळख परेडचा मुद्दा घरगुती खुनातही येतो, कारण सुपारी देऊन केलेल्या खुनात मारेकरी घरातला नसतो.

न्यायालयाच्या अवमान कायद्यात (१९७१) शिक्षा सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्या कायद्याच्या कलम ३ मध्ये फौजदारी प्रकरण ‘प्रलंबित’ धरलं जातं ते दोषारोपपत्र दाखल झाल्यापासून किंवा समन्स-वॉरंट निघाल्यापासून. त्याआधी सगळं मोकळं असा अर्थ काढू नका. तपासाच्या काळातलं वृत्तांकनही न्यायदानात अडथळा ठरू शकतं, असं वरच्याच निकालात आहे.

दोषारोपपत्राची पानं स्क्रीनवर दाखवायचा मोह टाळा. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एफआयआर संकेतस्थळावर टाकली जाते तसं दोषारोपपत्र सर्वांसाठी खुलं करता येणार नाही. त्यात साक्षीदारांचे पत्ते आणि फोन नंबरही असतात.

पश्चिम बंगालमधल्या एका विवाहितेच्या मृत्यूचं उदाहरण लक्षात ठेवा. माहेरचे म्हणत होते हुंड्यासाठी छळ, सासरचे म्हणत होते तिला मानसिक आजार होता. प्रकरण प्रलंबित असताना एका मासिकाने फक्त माहेरच्यांशी बोलून लेख छापला. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकाशक, संपादक आणि पत्रकाराला समज दिली. लेखातला मजकूर खरा की खोटा हा मुद्दाच नव्हता. न्यायालयात मांडायचं साहित्य एकाच बाजूने आधी बाहेर मांडलं, हा होता.

न्यायाधीश काही तुमचं चॅनल पाहून निकाल देत नाहीत, असं कोणी म्हणेल. १९५९ च्या नानावटी खटल्यात मुंबईच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी नौदल अधिकाऱ्याला निर्दोष ठरवलं, तेव्हा एका साप्ताहिकाच्या मोहिमेची चर्चा झाली होती. आता ज्यूरी नाही. पण साक्षीदार आहेतच, आणि ते तुमच्याच तालुक्यात राहतात. शेजारीण तुमच्या कॅमेऱ्यासमोर ‘ओरडणं ऐकलं’ म्हणाली, पोलीस जबाबात ‘भांडण ऐकलं’ म्हणाली आणि न्यायालयात तिसरंच बोलली, तर तुमचा व्हिडिओ तिच्यासमोर ठेवून तिला खोटं पाडायचा प्रयत्न होईल. ती खरं बोलत असली तरी.

काय चालतं? दाखल गुन्हा, कलमं, अटक, खुल्या न्यायालयात झालेला युक्तिवाद आणि आदेश, दोन्ही बाजू सारख्याच वेळाने. शिवाय तालुक्यात तक्रार घ्यायला किती दिवस लावले, कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारी पाहणाऱ्या संरक्षण अधिकाऱ्याची जागा रिकामी आहे का, याच्या बातम्या करा. त्याला कुठलंच कलम आड येत नाही आणि आज त्यांची गरज सर्वांत जास्त आहे.

प्रश्न : आमच्या शाळेतल्या दुसरीतल्या मुलाची आई गेली, वडील तुरुंगात आहेत. त्या रात्री मुलगा घरात होता. पालक त्याला खोदून खोदून विचारतात, एकाने व्हिडिओही काढला. शिक्षक म्हणून आम्ही काय करावं?

त्याला विचारणं आजपासून थांबवा, शिक्षकांनीसुद्धा. या वयाचं मूल प्रत्येक वेळी विचारणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून उत्तर जुळवतं, आणि दहाव्यांदा विचारल्यावर त्याला स्वतःलाच कळेनासं होतं की पाहिलं काय आणि ऐकलं काय. ‘पढवलेला साक्षीदार’ हा बाल साक्षीदाराविरुद्धचा पहिला आक्षेप असतो, आणि त्याला पुरावा पालकच तयार करून ठेवतात. मूल साक्ष देऊ शकतं. बारा वर्षांखालच्या मुलाला शपथही लागत नाही. न्यायाधीश आधी साधे प्रश्न विचारून त्याची समज तपासतात. म्हणून त्याचा जबाब एकदाच, नीट, दंडाधिकाऱ्यासमोर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली व्हावा असा अर्ज आजोळच्या मंडळींनी तपास अधिकाऱ्याकडे करावा.

बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार साक्षीदार मुलाचं नाव, चेहरा, शाळा, पत्ता, ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करता येत नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. व्हिडिओ काढणाऱ्या पालकाला मुख्याध्यापकांनी हे लेखी कळवावं. मुलाचा सांभाळ कोणाकडे हे ठरलं नसेल तर बालकल्याण समितीला कळवा; १०९८ वर फोन केला तरी चालतो. वर्गात त्याची बाकावरची जागा आणि शेजारचा मित्र बदलू नका.

प्रश्न : आमच्या वकील संघाने आरोपीचं वकीलपत्र घ्यायचं नाही असा ठराव केला. लोकांनी स्वागत केलं. हे कायदेशीर आहे का?

नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच असे ठराव बेकायदा ठरवले आहेत. यात नुकसान मृत स्त्रीच्या कुटुंबाचं होतं: बचावाला नीट संधी न देता झालेली शिक्षा वर टिकत नाही. मध्य प्रदेशातल्या एका खुनाच्या खटल्यात पंधरा दिवसांच्या आत फाशीची शिक्षा सुनावली गेली. न्यायालयाने नेमलेल्या वकिलाला तयारीला वेळच मिळाला नव्हता. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळं रद्द करून खटला नव्याने चालवायला लावला. साक्षीदारांना सहा-सात वर्षांनी पुन्हा उभं राहावं लागतं, ते असं.

प्रश्न : माझ्या भावावर वहिनीच्या खुनाचा आरोप आहे, तो निर्दोष आहे असा आमचा विश्वास आहे. माझंही नाव फिर्यादीत आहे, मी जामिनावर आहे. लोक आम्हाला खुनी म्हणतात. वहिनीबद्दलच्या काही गोष्टी मी फेसबुकवर लिहिल्या तर?

ताई, लिहू नका. मृत व्यक्तीचीही बदनामी होऊ शकते. तिच्या जवळच्यांना दुखावण्याच्या हेतूने लिहिलेलं न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बसतं. शिवाय साक्षीदारांवर दबाव आणू नये ही तुमच्या जामिनाची अट असणार. तुमची पोस्ट वाचून माहेरची एखादी साक्षीदार घाबरली, तर सरकारी वकील जामीन रद्द करायला तीच पोस्ट जोडतील.

त्या दिवशी तुम्ही दुसऱ्या गावी होतात असं असेल, तर त्याचे कागद गोळा करा: कामावरची हजेरी, फास्टॅगची नोंद, एसटीचं आरक्षण, दवाखान्याचा केसपेपर. ते तपास अधिकाऱ्याला अर्जासोबत द्या, पोच घ्या, मूळ कागद वकिलाकडे ठेवा. फिर्यादीत तुमच्याबद्दल तारीख-प्रसंग नसलेलं ‘सर्वांनी छळ केला’ एवढंच वाक्य असेल तर वकिलांना ते दाखवा. अशा ढोबळ आरोपांवर नातेवाइकांना गोवू नये असं सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितलं आहे. दोषमुक्तीचा, म्हणजे खटला चालण्याआधीच आरोपातून वगळण्याचा, अर्ज खटला सत्र न्यायालयाकडे वर्ग झाल्यापासून ६० दिवसांत करायचा असतो (नागरिक सुरक्षा संहिता, कलम २५०). वर्ग झाल्याची तारीख आजच वकिलांना विचारून कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आणि तुम्हाला खुनी म्हणणाऱ्या पोस्ट? त्यांना उत्तर देऊ नका. लिंक, तारीख, नाव यांसह जपून ठेवा. बदनामीची फिर्याद घटनेपासून तीन वर्षांत करता येते.